मांडीवरचा प्रवासी

विमान संकटात सापडले म्हणजे जमिनीवरील नियंत्रक वैमानिकाला जे प्रश्न विचारतो, त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. विमानात जीव किती? प्रवासी किती, असे तो विचारत नाही. याचे एक साधे कारण असे की, प्रवाशांचा हिशेब सहसा आसनांवरून केला जातो, आणि विमानात असे काही प्रवासी असतात की ज्यांच्या वाट्याला आसनच नसते. दोन वर्षांखालील मूल हा तो प्रवासी. त्याला स्वतःचे पारपत्र असते, त्याच्या नावाचे तिकीट असते, परदेशच्या प्रवासात त्या तिकिटासाठी मोठ्या माणसाच्या भाड्याचा सुमारे दहावा हिस्सा भरावा लागतो. परंतु त्याची जागा कोणती, असे विचारले तर उत्तर मिळते, आईची मांडी.

तान्ह्या मुलाला घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचे तर तयारी काय करावी, ही चिंता विमानाहून पुष्कळ जुनी आहे. त्या तयारीचा इतिहास पाहू लागले असता ध्यानात येते की, दूध, दुपटी, औषध यांची व्यवस्था प्रत्येक काळाने आपापल्या परीने लावली. मात्र वाटेत मुलाला धरायचे कोणी, या एका प्रश्नाचे उत्तर मात्र वेळोवेळी बदलत गेले, आणि आजही ते पुरते ठरलेले नाही.

बोटीच्या काळात त्याचे उत्तर होते, आया. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला, तरी मुंबईहून इंग्लंडला पोहोचावयास बोटीला तीन आठवड्यांच्या आसपास लागत. साहेब लोकांची कुटुंबे रजेवर स्वदेशी जात तेव्हा मुलांसाठी एक हिंदी आया बरोबर घेत. बोट हलू लागली की मडमेला बोट लागायची आणि ती आपल्या खोलीत पडून राहायची. मुलाला अंघोळ घालणे, भरवणे, रात्री डोलत्या डेकवर खांद्यावर घेऊन फिरवणे, हे सारे आयेच्या अंगावर. साहेबाची मुले सुखरूप लंडनला पोहोचली की पुष्कळदा तिचे काम तेथेच संपे. परतीचे भाडे देण्याचा करार काही कुटुंबे पाळीत, काही पाळीत नसत. परक्या शहरात, परक्या थंडीत, भाषा न येणाऱ्या या बाया निराधार होत. त्यांच्यासाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाचे एक वसतिगृहच चालवावे लागले. पुढे १९०० साली ते लंडन सिटी मिशनने आपल्याकडे घेतले आणि हॅकनी भागात नेले. तेथे दरवर्षी शंभराच्या आसपास आया राहून जात. हिंदुस्थानकडे परत निघालेले एखादे कुटुंब मुलासाठी बाई शोधीत आले की या आयांपैकी एकीची गाठ त्यांच्याशी घालून दिली जाई. म्हणजे येताना एकाचे मूल आणि जाताना दुसऱ्याचे.

या आयांपैकी एक मिसेस अँटनी परेरा. हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान तिने ५४ वेळा प्रवास केला होता, असे सांगितले जाते. एवढा प्रवास त्या काळी व्हाइसरॉयच्याही नशिबी नव्हता! नावावरून ती ख्रिस्ती असावी हे उघड आहे. याहून अधिक माहिती हाती लागत नाही, कारण बोटीच्या यादीतही आयेचे नाव पुष्कळदा नसे. अमुक मडमेची आया, एवढीच नोंद असे. हॅकनीतील त्या घरावर २०२२ साली स्मृतिफलक लागला. मुलाला आसन नाही आणि मुलाला सांभाळणारीला नाव नाही, असा हा प्रवास होता.

विमान आले आणि आया गळाली. याचे कारण वजन. इंपीरियल एअरवेज या कंपनीची लंडन ते कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. प्रवासाला सात दिवस लागत आणि भाडे होते १३० पौंड. आज या प्रवासाची हकीकत ऐकताना करमणूक होते. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेल, तेथून आगगाडीने इटलीतील जिनोआ, तेथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि मग जमिनीवरच्या विमानाने गाझा, बगदाद, बसरा व इराणचा किनारा करीत कराची. रात्री विमान उडत नसे, प्रवासी मुक्कामाला उतरत. पुढे १९३२ सालापासून हा मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्याने जाऊ लागला आणि शारजाच्या वाळवंटात कंपनीने किल्ल्यासारखी एक धर्मशाळाच बांधली. प्रवाशाला त्याच्या सामानासकट काट्यावर उभे करून वजन घेतले जाई. जेथे माणसाचे पौंड मोजले जात तेथे आयेसाठी दुसरे भाडे कोण भरणार? बहुतेक कुटुंबे मुलांना घेऊन बोटीनेच जात राहिली. विमानाने जाणारे असत ते अधिकारी, व्यापारी आणि टपालाच्या थैल्या.

याच मार्गावर १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोठी जलविमाने आली. कराचीच्या पुढे ती राजसमंद तलावावर, मग ग्वाल्हेरनजीकच्या माधोसागर जलाशयावर उतरत आणि अलाहाबादवरून कलकत्त्याला जात. ग्वाल्हेरच्या जुन्या पिढीने हे दृश्य पाहिले असेल. या विमानांत पाय मोकळे करावयास जागा होती. रडणाऱ्या मुलाला घेऊन चार पावले फिरता येणे ही केवढी मोठी सोय आहे, हे ज्याने रात्रभर मूल खांद्यावर घेतले आहे त्यालाच कळेल. आजच्या विमानात ती सोय पुन्हा उरलेली नाही.

दरम्यान अमेरिकेत आयेची जागा एका निराळ्याच बाईने घेतली होती. एलन चर्च नावाची एक परिचारिका विमान चालवावयास शिकली होती. वैमानिकाची नोकरी तिला कोणी देईना. तेव्हा तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीपुढे एक कल्पना मांडली. विमानात शिकलेली परिचारिका असेल तर घाबरणाऱ्या प्रवाशांना धीर येईल, आजाऱ्याची शुश्रूषा होईल. कंपनीने ती मानली आणि १५ मे १९३० रोजी ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात एलन चर्च जगातील पहिली हवाई सुंदरी म्हणून चढली. तिच्यासह पहिल्या आठही जणी परिचारिका होत्या. आज हवाई सुंदरी म्हटले की चहा आणणारी, स्मित करणारी मुलगी डोळ्यांपुढे येते. प्रारंभी ती खरोखरच दवाखान्यातून आलेली बाई होती, ही गोष्ट विसरली गेली आहे. महायुद्ध सुरू होऊन परिचारिकांची सैन्याला गरज भासू लागली तेव्हा ही अट सुटली. परंतु मूल घेऊन चढणाऱ्या आईचे पहिले लक्ष विमानात तिच्याकडेच जाते, ती वहिवाट मात्र राहिली.

त्या काळच्या विमानांत मुलांचे खरे हाल होत ते कानांचे. विमान चढू लागले की बाहेरील हवेचा दाब घटतो, उतरू लागले की वाढतो. घशापासून कानाच्या मधल्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते, ती उघडली की आतला व बाहेरचा दाब सारखा होतो. मोठा माणूस आवंढा गिळून ती उघडतो. मुलाची नळी अरुंद असते आणि गिळ म्हटलेले त्याला कळत नाही, म्हणून ते टाहो फोडते. पूर्वी विमानात लिमलेटच्या गोळ्यांची व कापसाची तबके फिरत, ती याचसाठी. गोळी कापसासारखी केवळ समाधानापुरती नव्हती, तिने तोंडाला पाणी सुटते आणि गिळावे लागते. तान्ह्या मुलाला गोळी देता येत नाही. त्याच्यासाठी उपाय एकच, विमान उतरू लागताच त्याला पाजावयास घेणे. आईने पदराखाली घेतले की बाळाचे कान आपोआप सुटतात. हे शास्त्र आज डॉक्टर सांगतात, पण त्यात आईला नवीन असे काही नाही. फक्त एक गोष्ट तिने जाणून असावी. चढताना जितका त्रास होतो त्याहून अधिक उतरताना होतो, म्हणून भूक उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावी लागते.

विमानाच्या पोटात दाब कोंडून ठेवण्याची युक्ती प्रवासी विमानांत १९४० साली आली. बोइंग कंपनीचे स्ट्रॅटोलायनर हे अशा रचनेचे पहिले प्रवासी विमान. तेव्हापासून विमान ढगांच्या वरून, कमी हेलकावे खात जाऊ लागले. आतल्या प्रवाशाला मात्र समुद्रसपाटीची हवा मिळत नाही. सहा ते आठ हजार फूट उंचीवरील, म्हणजे उटीच्या आसपासच्या डोंगरावरील हवेइतकी ती विरळ असते, आणि कोरडी तर वाळवंटासारखी असते. निरोगी मुलाला ती सोसते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या वा छातीचा विकार असलेल्या मुलासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे लागते.

अशाच दाबाच्या विमानाने आपल्या देशाचा परदेशी विमानप्रवास सुरू झाला. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ८ जून १९४८ रोजी ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला पोहोचले. तीन आठवड्यांचा प्रवास दीड दिवसाच्या आत आला. तीन आठवड्यांसाठी आया लागते. एका रात्रीसाठी ती कशाला, असा हिशेब आपोआपच झाला. मूल आईच्या मांडीवर आले ते या वेळी.

एवढ्यावर कंपन्या थांबल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटिशांच्या बी. ओ. ए. सी. कंपनीने मुलांसाठी टांगता पाळणा काढला. डोक्यावर टोप्या व कोट ठेवण्याची जी फळी असे, तिला ही कापडी झोळी अडकवीत. त्या वेळची छायाचित्रे पाहिली तर गंमत वाटते. खाली आई वाचीत बसली आहे आणि वर सामानाच्या रांगेत बाळ निजले आहे! आपल्याकडे शेताच्या बांधावर बाभळीला झोळी टांगणारी बाई हे छायाचित्र पाहून मुळीच चकित झाली नसती. पुढे त्या फळ्या जाऊन बंद कपाटे आली, आणि पाळणा पुढच्या भिंतीला अडकवण्याची पद्धत पडली. आजही लांबच्या विमानांत असे पाळणे असतात. पण ते मोजके, मूल साधारण दहा-अकरा किलोंच्या आत असेल तरच मिळणारे, आणि आधी कळवून ठेवावे लागणारे. शिवाय विमान उडताना, उतरताना आणि हवेत हेलकावे बसू लागताच मुलाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावे लागते. म्हणजे नेमक्या धोक्याच्या घटकेला पाळणा उपयोगाचा नाही.

दुपट्यांचा प्रश्न याहून लवकर सुटला. कापडी लंगोट प्रवासात वाळत घालता येत नाहीत, भिजलेले पिशवीत बांधून मुक्कामापर्यंत न्यावे लागतात. त्या वासाचे दुःख शेजारच्या प्रवाशालाही भोगावे लागे. इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने १९४७ च्या सुमारास, आणि अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने त्याच सुमारास, आपापल्या घरी शिवणयंत्रावर बसून यावर उपाय काढले. एकीने टाकून देण्याजोगी गादी आणि तिला धरून ठेवणारी चड्डी केली, दुसरीने न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडातून पाणी न झिरपणारे आवरण केले. कारखानदारांनी दोघींनाही प्रथम नकार दिला होता. मोठ्या कंपनीचे ‘पँपर्स’ बाजारात आले ते १९६१ साली. या शोधामुळे लांबचा विमानप्रवास सुसह्य झाला, तरी विमानाच्या इतिहासात या बायांची नावे कोणी घेत नाही.

दुधाचे तसे नाही. दूध हा विषय अजून मिटलेला नाही. द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये उघडकीस आला आणि त्या दिवसापासून पाण्याची बाटलीही विमानात नेण्याची बंदी झाली. मुलाच्या दुधाला सूट मिळाली, पण तपासनिसासमोर आईने ते स्वतः चाखून दाखवावे, अशी अट ब्रिटनमध्ये घातली गेली. आता शंभर मिलिलिटरच्या नियमातून मुलाचे दूध व खाणे वगळलेले असते. तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे, एवढेच सांगतात. विमान रखडते हे गृहीत धरून प्रवासाला लागेल त्याहून एका पाजण्याचे अधिक दूध जवळ ठेवणारी आई शहाणी.

आणि मूल झोपलेच नाही तर? येथे एका वाईट परंपरेचा उल्लेख टाळता येत नाही. मुलांना गुंगी आणून गप्प ठेवण्याचा प्रकार आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, आणि विलायतेत मजुरांच्या बाया अफूमिश्रित काढा देत. त्यांचा नाइलाज होता. विमानयुगात अफूची जागा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी घेतली. फेनर्गन नावाचे औषध तर प्रवासाच्या पिशवीतील नेहमीचे झाले होते. या औषधाने लहान मुलांचा श्वास मंदावतो आणि प्राणावर बेतू शकते, असे आढळल्यावर या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा ठळक इशारा बाटलीवर छापणे भाग पडले. रडणाऱ्या मुलाचा शेजाऱ्याला होणारा त्रास एका रात्रीचा असतो. त्यासाठी आईने लाजून असल्या उपायाकडे वळण्याचे कारण नाही.

जेट विमाने आली आणि प्रवासी बदलले. एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानांनी १९६० साली न्यूयॉर्क गाठले. अमेरिकेने १९६५ साली परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा सैल केला. पुणे-मुंबईचे, इंदूर-बडोद्याचे इंजिनियर व डॉक्टर तिकडे जाऊ लागले, आणि आखातात तेलाचा पैसा वाहू लागल्यावर गोव्याची, कोकणची, हैदराबादची माणसे तिकडे गेली. गोव्यात दाबोळीचा विमानतळ १९५५ साली झाला होता, पण पूर्व आफ्रिकेत नोकरीला असणाऱ्या गोमंतकीयांच्या बायकामुलांचा प्रवास दीर्घकाळ बोटीचाच होता. आता तोही विमानाचा झाला. यात एक पद्धत ठरून गेली. पुरुष पुढे जाई, घर घेई, मग बायको पाठोपाठ जाई. अनेकदा तोवर तिला माहेरी मूल झालेले असे. म्हणजे लांबचा, आणि बहुधा आयुष्यातील पहिला, विमानप्रवास ही बाई एकटी करी. एका हातात मूल, दुसऱ्या हातात कागद. देवी रोगाचे १९८० साली जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर होईपर्यंत त्या कागदांत लस टोचल्याचा दाखलाही असे. पूर्वी मुलाचे नाव आईच्या पारपत्रात लिहून भागे, आता चार महिन्यांच्या बाळालाही स्वतंत्र पारपत्र लागते, आणि त्यावरील छायाचित्रात त्याचे डोळे उघडे असावे लागतात! सासूने बांधून दिलेले वेखंड, सुंठ, डिंकाचे लाडू, मुलाची कुंची व लाळेरी यांची पिशवी तिसऱ्या हाताने धरायची.

तयारीला वेळच मिळाला नाही, असेही प्रसंग आले. सायगाव पडण्याच्या बेतात असताना एप्रिल १९७५ मध्ये अमेरिकेने तेथील अडीच हजारांहून अधिक मुले विमानांनी बाहेर काढली. पाळणे कोठून आणणार? तान्ही मुले पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून आसनांवर आणि आसनांखाली ठेवली गेली. त्या मोहिमेतील एक प्रचंड लष्करी विमान ४ एप्रिल रोजी कोसळले आणि त्यात १३८ जण दगावले. त्यांत ७८ मुले होती. आपल्या लोकांवर तशी पाळी १९९० साली आली. इराकने कुवेत घेतल्यावर तेथील भारतीय कुटुंबे वाळवंटातून बसने अम्मानला आली आणि एअर इंडियाने ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एक लाखाहून अधिक माणसे मुंबईला आणली. त्यांत गोव्याची कुटुंबे होती, हैदराबादची होती. छावणीच्या तंबूतून तान्ही मुले घेऊन ती विमानात चढली. अशा वेळी मुलाला आसन आहे की नाही हे पाहण्याची कोणास सवड असते? मांडी मिळाली हेच पुष्कळ असते.

परंतु नेहमीच्या, शांततेच्या काळातील प्रवासाला ही सबब लागू पडत नाही, आणि हेच एका अपघाताने उघड केले.

युनायटेड कंपनीचे डी. सी. १० जातीचे विमान १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघाले असता शेपटीतील इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सर्व साधने निकामी झाली. वैमानिकांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत ते आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानात २९६ जीव होते. त्यांतील १८४ वाचले, ही वैमानिकांच्या कौशल्याची कमाल समजली जाते. त्या विमानात चार मुले मांडीवरची होती. विमान आदळण्यापूर्वी त्यांच्या आईबापांना जी सूचना देण्यात आली ती त्या वेळच्या नियमाप्रमाणेच होती. मुलाला पायाशी जमिनीवर ठेवा, अंगाखाली उशा-चादरी घाला आणि हातांनी दाबून धरा. त्या धक्क्यात आईबापांना मुले धरून ठेवता आली नाहीत. तिघे वाचले. एक दोन वर्षांच्या आतला मुलगा धुरात गेला. बाहेर पडलेली आई पुन्हा त्या जळत्या विमानाकडे निघाली तेव्हा तिला प्रमुख हवाई सुंदरी जॅन ब्राऊन यांनी अडवले. ही सूचना देणाऱ्याही त्याच होत्या. त्यांनी पुढे कित्येक वर्षे एकच मागणी लावून धरली की, विमानातील प्रत्येक मुलाला स्वतःचे आसन आणि स्वतःचा पट्टा असावा.

यात आईच्या मायेचा प्रश्न नाही, गणिताचा आहे. विमानाचे आसन निदान नऊ पट जोराचा धक्का सोसेल असे बांधलेले असते. तशा धक्क्याला आठ किलोंचे मूल बहात्तर किलोंसारखे होते. एवढे ओझे पुढे झेपावत असताना ते हातांनी रोखून धरील अशी आई जगात नाही. विमान उडण्यापूर्वी चहाची किटली कपाटात कुलूपबंद होते, जेवणाची गाडी खिळवून ठेवतात, प्रवाशाच्या हातातील पिशवी आसनाखाली सारावयास लावतात, आणि सर्वांत नाजूक जीव तेवढा मोकळा राहतो, ही विसंगती डोळ्यांत भरणारी आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० साली शिफारस केली की मुलांना बांधलेच पाहिजे. नियम करण्याचा अधिकार ज्या खात्याकडे आहे त्याने तो केला नाही, आणि २००५ साली तसे कायमचे सांगून टाकले. त्याची बाजूही समजून घ्यावी. आसन सक्तीचे केले तर तेवढे भाडे भरावे लागेल, पुष्कळ कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि विमानाहून रस्त्यावर मरण अधिक आहे. विमानात असे एखादे मूल वाचवण्यासाठी रस्त्यावर अधिक मुले गमवावी लागतील. युक्तिवाद थंड वाटला तरी खोटा नाही. तथापि तो डेन्व्हर ते शिकागोपुरता खरा. मुंबईहून न्यूयॉर्कला मोटारीचा रस्ता नाही. समुद्र ओलांडून जाणाऱ्या कुटुंबाला हे कारण कसे लागू होते, याचा उलगडा त्यात होत नाही.

इतर देशांनी मधला मार्ग काढला. ब्रिटन, युरोप आणि आपल्याकडेही मांडीवरच्या मुलासाठी एक छोटा पट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात अडकवतात. हेलकाव्यात मूल छताकडे उसळणार नाही, एवढे काम तो करतो. पण जोराच्या धक्क्यात आईचे शरीर पुढे येऊन मूल तिच्या व पट्ट्याच्या मध्ये चिरडले जाते, असे चाचण्यांत दिसल्याने अमेरिकेत हाच पट्टा वर्ज्य आहे. म्हणजे एकच मूल, एकाच आठवड्यात, एका कंपनीच्या विमानात बांधलेच पाहिजे आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानात तसे बांधताच कामा नये! दोन शहाण्या देशांचे तान्ह्या मुलाच्या बाबतीत एवढे मतभेद असावेत, हे नवलच.

अपघात विरळा होतात, हे सांगणे अवश्य आहे, नाहीतर मुलाला घेऊन निघणारी आई विनाकारण धास्तावेल. टोकियोच्या हानेडा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी उतरणारे जपानी विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. आतील ३७९ जण बाहेर पडले. त्यांत दोन वर्षांखालील आठ मुले होती. कोणीही आपली पिशवी उचलण्यासाठी थांबले नाही, म्हणून हे साधले. तीनच दिवसांनी, ५ जानेवारीला, अमेरिकेत अलास्का कंपनीच्या विमानाचा भिंतीतील बंद दरवाजाचा तुकडा सोळा हजार फुटांवर उडून गेला. त्या भगदाडालगतच्या दोन जागा रिकाम्या होत्या. विमानात तीन तान्ही मुले मांडीवर होती. ती त्या रांगेत नव्हती, एवढेच. सुरक्षा मंडळाने आपली जुनी शिफारस त्या चौकशीत पुन्हा मांडली आहे.

ज्यांना परवडते त्यांच्यासाठी आज मार्ग खुला आहे. दोन वर्षांखालील मुलाचेही मोठ्या मुलाच्या दराने आसन घेता येते, आणि विमानासाठी मान्य अशी खूण असलेली मोटारीतील बाळाची खुर्ची त्यावर बांधता येते. दहा ते वीस किलोंच्या मुलासाठी आसनालाच जोडण्याचा एक खांद्यावरचा पट्टाही २००६ पासून मान्य आहे. खुर्चीची रुंदी आसनात बसते की नाही, आणि कंपनी ती चालवून घेते की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी पाळण्याची जागा तिकिटाबरोबरच मागून ठेवावी, आपला पट्टा मुलाभोवती न घेता त्याच्या पाठीमागून स्वतःभोवती आवळावा, छोटा पट्टा मिळत असेल तेथे तो झोपेतही सोडू नये, आणि मूल फार जड झाले म्हणून त्याला आसनांमधल्या वाटेवर निजवू नये. रात्रीचे विमान असेल तर मुलाची नेहमीची एक जुनी, धुतलेली, आईच्या वासाची चादर पिशवीत सर्वांत वर ठेवावी. ती काट्यावर फारशी भरत नाही.